आईचा दुसरा आवाज

टोप्या शिवणाऱ्या म्हातारीचे बोलणे संपले. तिने पडदा बाजूला केला, काठी शोधली, काठी हातातच आहे हे लक्षात आल्यावर स्वतःला एक शिवी हासडली, आणि जाता जाता, आज ऊन जरा बरे आहे असे म्हणावे तशा सुरात म्हणाली, "तू त्या खुर्च्यावाल्याचा धाकटा ना रे? नाक तेच. काय सुरेख बोलायचा तुझा बाप! भिंतीपलीकडे आम्ही हातातलं काम टाकून ऐकत बसायचो." आणि गेली. कानकऱ्याच्या दातांत पट्टी होती, म्हणून त्याला काही विचारता आले नाही. नसती तरी विचारता आले असते असे नाही.

आता, बाप सुरेख बोलायचा, यात दचकण्यासारखे काय आहे? दुसऱ्या एखाद्या धर्मात हे कौतुक ठरले असते. पण या शहराचा धर्म साधा आणि सरळ आहे, आणि साध्या-सरळ गोष्टींना फटी फार नसतात. कर्त्याने जग घडवले तेव्हा असा काही धडाका उडाला की त्यात त्याचेच कान गेले. हे कुणी चेष्टेने म्हणत नाही. शाळेत पहिल्या इयत्तेत शिकवतात. जग नवे कोरे आणि घडवणारा ठार बहिरा, अशी पंचाईत झाल्यावर त्याने आपले कान पुरुषांना दिले आणि वाचा बायकांना दिली. म्हणून घरचे मागणे, सांगणे, तक्रार, आभार, सगळे बाईने बोलायचे. पुरुषाने दातांत लाकडाची पातळ पट्टी धरून, मान डावीकडे कलती करून ऐकायचे. पुरुषाच्या कानात पडले की कर्त्याला पोहोचले. पुरुषाने स्वतः काही मागायचे नाही. कानाने कधी काही मागितले आहे का? नवरा बायकोचे मुकाट्याने ऐकून घेतो यात भक्ती किती आणि नाइलाज किती, यावर पंडितांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. ते सगळे पंडित अविवाहित होते. ज्यांच्या घरी ऐकायला पुरुष नाही, त्या विधवांसाठी, एकट्या बायकांसाठी, आणि ज्यांचे नवरे पट्टी धरल्या धरल्या घोरायला लागतात त्यांच्यासाठी ऐकघर असते. एका लांबलचक दालनात ओळीने लाकडी खण, खणाला पडदा, आत एक स्टूल, एक खुर्ची, आणि खुर्चीवर पगारी कानकरी. आपला कानकरी तिथे डाव्या रांगेत खिडकीजवळ बसत आला होता. कधीपासून, असे विचारले तर तो म्हणे, खिडकीबाहेरचे झाड खिडकीखाली होते तेव्हापासून.

आणि शहराच्या कडेकडेने, बंद दारांआड, काही घरांत हेच उलटे चालते. तिथे पट्टी बाईच्या दातांत असते आणि पुरुष बोलतो. त्यांना पालटे म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की मुळात वाटणी अशीच होती, मधल्या काळात कुणीतरी अदलाबदल केली. त्यांना कुणी मारत-बिरत नाही. शहर सुधारलेले आहे. फक्त त्यांना कुणी जागा भाड्याने देत नाही, ऐकघराच्या पायऱ्या चढू देत नाही, आणि त्यांच्या पोरांना शाळेत मधल्या सुट्टीत काय काय ऐकवतात ते पोरे घरी सांगत नाहीत. कान बापाकडून येतो. मिसरूड फुटले की बाप चारचौघांत मुलाच्या कानात फुंकर मारतो, आपली पट्टी पुढे कधीतरी त्याची होईल असे सांगतो, आणि पोरगा कान होतो. पालट्याची फुंकर म्हणजे नुसता वारा. पालट्याच्या मुलाला सांगितलेले कुठेही जात नाही. त्याच्या डोक्यातच पडून राहते.

हे कानकऱ्याला मधल्या सुट्टीआधीच्या त्या क्षणी, पुढच्या बाईचा पडदा सरकण्याच्या आत, एका दमात आठवले. आणि लगेच मुलगी आठवली. त्याची मुलगी शेजारच्या गावी इस्पितळात होती आणि उद्या सकाळी तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार होते. याआधी दोनदा दिवस जाऊन वाया गेले होते. दोन्ही वेळा त्याची बायको संध्याकाळी त्याच्यासमोर बसून पोटतिडकीने बोलली होती, आणि दोन्ही वेळा त्याने मान डावीकडे कलती करून, एक शब्द इकडचा तिकडे न होऊ देता ऐकले होते. आज संध्याकाळी ती पुन्हा बोलणार होती.

पुढची बाई आली. तिच्या शेजारणीने तिची दोरी कापली होती, म्हणजे कपडे वाळत घालायची, आणि शेजारणीला कर्त्याने काय काय करावे याबद्दल तिच्या सूचना तपशीलवार होत्या. एरवी कानकरी अशा वेळी मनातल्या मनात एक रिकामी नळी होत असे. थोरल्या कानांनी त्याला तरुणपणी तेच शिकवले होते: तू माणूस नाहीस, तू नळी आहेस, इकडून आले तिकडून गेले. आज त्याला प्रथमच वाटले की नळीच्या पलीकडच्या तोंडाला बूच आहे. बाईचे शब्द आत येत होते आणि आधीच्या शब्दांवर बसत होते. दोरी, त्याखाली म्हातारीचा गुडघा, त्याखाली कुणाच्या तरी दिराचा दमा, त्याखाली न परतलेले नवरे, न झालेली लग्ने, गळू, गळके छप्पर, पोराची परीक्षा. जणू इतकी वर्षे पोस्टमनने टपाल वाटलेच नाही, घरी पलंगाखाली सरकवत राहिला, आणि आज पलंग हलायला लागला. पण मग पोहोचले त्यांचे काय? "पोहोचलं हो," असे सांगायला किती जणी परत आल्या होत्या! गळू बसले होते. दमेकरी दीर तर असा ठणठणीत झाला की त्या बाईने नंतर वेगळीच तक्रार सुरू केली. काहीच पोहोचत नव्हते तर गळू कुणी बसवले? गळू आपोआप बसते का? आणि गळू आपोआप बसत असेल तर... इथे कानकरी थांबला, कारण पुढच्या विचाराला दार होते आणि आत उजेड नव्हता.

सुट्टीत चहा घेताना शेजारच्या खणातला कानकरी भेटला. त्याला सगळे जांभया म्हणत. ऐकताना त्याला जांभया येत, आणि दातांत पट्टी धरून जांभई देण्याची जी कला त्याने साधली होती तिची नक्कल भल्याभल्यांना जमली नव्हती. "काय रे, तोंड का उतरलंय?" जांभया म्हणाला. "म्हातारीने शिव्या दिल्या का? मला मघाशी देऊन गेली. जांभई दिली म्हणून."

"तुला कधी वाटतं का रे, की पोहोचत नसेल?"

"कुठं?"

"म्हणजे, वर."

जांभयाने बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला. "हे बघ," तो म्हणाला, "माझं काम इथपर्यंत." त्याने कानाच्या पाळीला हात लावला. "पुढचं खातं वेगळं." मग डोळे बारीक करून म्हणाला, "तुझ्या पोरीचं उद्या ना? होईल रे सगळं नीट. तुझ्या घरचं नाही पोहोचायचं तर कुणाचं? तुझ्यासारखा कान या दालनात नाही. मुकादम परवाच म्हणत होता, कानात मळसुद्धा नम्रपणे साठतो म्हणे तुझ्या." आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की चहा सांडला. कानकरीही हसला. हसताना त्याला वाटले, हा मनुष्य पालट्याच्या शेजारी बसून चहा पितो आहे आणि याला ठाऊक नाही. मग वाटले, मलाही कुठे ठाऊक आहे?

बाप बोलायचा! ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा तर आधी खिळे काढावे लागत, तो बाप? बाप जुन्या खुर्च्यांच्या बैठकी नव्याने ठोकून द्यायचा, आणि खिळे ओठांत धरायचा. दिवसभर. गिऱ्हाईक विचारी, कधी मिळेल? बाप हातोडीने परवाच्या दिशेला कुठेतरी खूण करी. जेवायला बसताना खिळे ताटाशेजारी काढून ठेवी आणि जेवण झाले की पुन्हा ओठांत. कानकऱ्याला बापाचा चेहरा आठवायचा तर ओठांतून बाहेर आलेली खिळ्यांची टोकेच आधी आठवत. आई मात्र बोले. आईच्या बोलण्याला गल्ली लहान पडे. भाजीवाल्याशी, भिंतीशी, उकळत्या पाण्याशी, कुणाशीही तिचे वाजे, आणि समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देणे हा तिला कमकुवतपणा वाटे. पण संध्याकाळी आईबाप आतल्या खोलीत जात, दार लागे, आणि मग आतून येई तो आईचा दुसरा आवाज. खाली उतरलेला, सावकाश, जरा घोगरा, एखादी जड वस्तू फडक्यात गुंडाळून हळूच खाली ठेवावी तसा एकेक शब्द ठेवणारा. शब्द कळत नसत, दार जाड होते. तो दाराबाहेर जमिनीवर पालथा पडून फरशीला गाल लावून ऐके, आणि फरशीतून तो आवाज गालात येई. शाळेत पोरांत बढाई मारताना कुणी म्हणे आमच्याकडे सायकल आहे, तो म्हणे आमच्या आईला दोन आवाज आहेत, एक आमच्यासाठी आणि एक कर्त्यासाठी. आई गेली तेव्हा तो रडला तो त्या दुसऱ्या आवाजासाठी. पहिला तसा पुष्कळ झाला होता. आणि खरे सांगायचे तर ऐकघरात तो चिकटला तोसुद्धा त्यासाठीच. इतक्या बायका येतील, इतके आवाज. एखादीचा तरी तसा असेल. एखादीचाही नव्हता. त्याने बायकोतही शोधला होता, लग्नानंतरच्या पहिल्या संध्याकाळी. बायकोचा आवाज छान होता, स्वच्छ, भांडी विसळल्यासारखा. पण तो नव्हता.

आणि आता एक टोप्या शिवणारी म्हातारी येते आणि काठी शोधता शोधता सांगते की तो आवाज आईचा नव्हताच.

तो खणात परत आला, पडदा ओढला आणि पट्टी हातावर ठेवून पाहिली. ही बापाची पट्टी. रिवाजाप्रमाणे बाप गेल्यावर त्याच्याकडे आली. तिच्यावर आधीच्या माणसाच्या दातांची खाच असते, आणि नव्या माणसाने आपले दात त्याच खाचेत बसवायचे असतात. त्यालाच वारसा म्हणतात. त्याचे दात त्या खाचेत कधी बसले नाहीत. खाच अरुंद, कमानीसारखी आखूड, आणि पुढे उजवीकडे एक दात गाळलेला. त्याला वाटायचे, आपला जबडा बापापेक्षा मोठा निघाला. आता त्याला बापाचे दात आठवले: चौकोनी, पिवळे, खिळ्यांनी झिजलेले, पण सगळेच्या सगळे. पुढचा उजवा दात आईचा पडलेला होता. त्यातून ती शीळ घालायची. आणि मग एक तुकडा कुठूनसा आपोआप वर आला: संध्याकाळी आतले दार उघडे, बाप बाहेर येई तो हलका होऊन, अंघोळ केल्यासारखा, आणि मागून आई येई ती दोन्ही हातांनी जबडा चोळत. तो विचारी, "आई, दुखतं?" आणि आई म्हणे, "बोलून बोलून दुखतं रे." बोलून! दिवसभर जिचा जबडा गिरणीसारखा चाले तिला संध्याकाळच्या तेवढ्याशा बोलण्याने दुखेल? लहानपणी हे कसे सुचले नाही? मोठेपणी तरी कुठे सुचले? म्हणजे इतकी वर्षे, रोज, बायकांची दुःखे ऐकताना, त्याने दातांत आईचे दात धरले होते. त्याने पट्टी खणातल्या फळीवर ठेवली, आणि दुपारच्या उरलेल्या बायकांचे नुसते ओठ मिटून ऐकले. कुणाच्या लक्षात आले नाही. ऐकणाऱ्याकडे कोण बघते?

बापाची फुंकर आठवायचा प्रयत्न त्याने ट्राममध्ये केला. फुंकरीच्या वेळी ऐकघराचे दालन भरलेले होते, मुकादम होता, बापाने त्या दिवशी खिळे काढलेले होते आणि त्यामुळे त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. बाप वाकला. तंबाखूचा वास आला. आणि मग? कानात काही आले की नाही? बाकीची पोरे सांगत, फुंकर बसली की डोक्यात वीज चमकते. त्याच्या डोक्यात काही चमकले नव्हते. बापाने फुंकर मारली, की मारल्यासारखे केले? स्वतःचा धर्म राखायला खोटी मारली, की पोराने तरी चारचौघांसारखे व्हावे म्हणून मनापासून मारली? ट्राममध्ये समोर बसलेला गृहस्थ त्याच्याकडे बघत होता, तेव्हा कानकऱ्याच्या लक्षात आले की आपण ओठांचा चंबू करून हवेत फुंकतो आहोत.

ट्राममधून उतरून तो बहिणीकडे गेला. ताईचे बटणांचे दुकान होते. ती त्याच्याहून बरीच मोठी, आईच्याच घाटाची, फक्त शीळ घालत नसे. दुकानात एक मुलगी जुन्या कोटाला जुळणारे बटण शोधत होती, आणि ताई एकेक बटण कोटाला लावून "हे नाही" म्हणत होती.

"ताई, बाबा बोलायचे?" त्याने विचारले.

ताईने बटणावरची नजर काढली नाही. "कोण म्हणालं?"

"टोप्या शिवणारी. आपल्या भिंतीपलीकडे राहायची ती."

"ती अजून आहे?" ताई म्हणाली. "हे नाही. हे बघ बाई, हे लाव, हेही नाही, पण लांबून कळत नाही." मुलगी बटण घेऊन गेल्यावर ताईने फळीवर दोन्ही कोपरे टेकले. "आज कळलं तुला?"

"तुला माहीत होतं?"

"मला? अरे, मी दाराशी राखण करायची. चेंडू आपटत बसायची, आठवतं का? बाहेरून आवाज नको कळायला म्हणून. तू आपला घोरपडीसारखा जमिनीला चिकटलेला. आई म्हणायची, त्याला नका सांगू, तो चौकात जाऊन सांगेल. आणि सांगितलंच असतंस. दोन आवाज, दोन आवाज करत गावभर फिरला नव्हतास?"

"पण आई... आई कुणाचं ऐकायची?"

"बाबांचं. दिवसातून तेवढंच. त्याचाच वचपा काढायची दिवसभर." ताई हसली, आणि मग तिचे हसणे एका बाजूला सरकले. "काय बोलायचे रे बाबा. शेजारच्या बायका भिंतीला चिकटायच्या. त्यांनाही कळायचं, पण कुणी कुठे बोललं नाही. त्यांना ते हवं होतं ना."

"काय बोलायचे?"

"मला काय माहीत? मी चेंडू आपटत होते."

त्याला अचानक राग आला. बापाचा, आईचा, चेंडूचा. "मग मला ऐकघरात कशाला पाठवलं? मी इतकी वर्षं ऐकतोय, ताई. माझ्यातून काही जात नसेल तर? उद्या पोरीचं ऑपरेशन आहे. आज हिचं मी कसं ऐकू?"

ताई बटणांच्या खोक्यात बोटे फिरवू लागली. "आईने मला फुंकर दिली होती," ती म्हणाली. "त्यांच्यात बाईला देतात. त्या हिशोबाने कान मी आहे, तू नाहीस. पण मला काही कुणी सांगायला आलं नाही. तुझे भावोजी तर बोलतही नाहीत आणि ऐकतही नाहीत. त्यांचा पंथच तिसरा. तुला सांगायचं असेल तर सांग. ऐकते मी. शटर ओढू?"

शटर ओढायला ती उठलीसुद्धा. कानकऱ्याने तोंड उघडले. तोंडात काहीही नव्हते. पोहायला न येणाऱ्याला काठावर उभे करून कुणी म्हणावे, घे उडी, मी आहे, तसे त्याला झाले. "नको," तो म्हणाला. "घरी ही वाट बघत असेल." ताईने शटर अर्ध्यावर सोडले. पायऱ्या उतरताना त्याला वाटले, आपण आत्ता काय नाकारले? पण तेही नीट कळेना.

घरी बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली होती. सकाळच्या पहिल्या बसने तिला मुलीकडे जायचे होते. खोलीत दोन बैठका समोरासमोर मांडलेल्या. जावयाचा फोन येऊन गेला होता: मुलगी ठीक आहे, पण डॉक्टर फार बोलत नाहीत. "बसा लवकर," बायको म्हणाली. "आज मी सगळं ठरवून ठेवलंय, क्रमाने बोलणार आहे. मागच्या वेळी मध्येच रडले, त्यात निम्मं राहिलं. पट्टी कुठाय?"

"ऐकघरातच राहिली."

"आजच राहायची होती? बरं, ओठ मिटून बसा. कर्त्याला समजतं सगळं."

न सांगणे सोपे होते. बसायचे, मान कलती करायची. तिने बोलायचे, त्याने घ्यायचे, आणि ते त्याच्यात पलंगाखाली जाऊन पडायचे. उद्या सगळे नीट झाले तर पोहोचले म्हणता येईल. आणि नाही झाले तर? नाही झाले तर आजची ही संध्याकाळ त्याला जन्मभर एकट्याने माहीत असेल. तो बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "माझ्याशी बोलू नकोस. तुझ्या भावाला बोलाव. माझे वडील पालटे होते."

बायको म्हणाली, "काय बोलताय?"

त्याने सांगितले. म्हातारी, पट्टी, दात, ताई, चेंडू, सगळे. क्रम चुकवून, मागचे पुढे करून. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतके भाव येत होते की कोणत्या भावाशी आपण बोलतो आहोत हे त्याला समजेना. शेवटी ती म्हणाली, "थांबा. म्हणजे सासूबाई ऐकायच्या?"

"हो."

"सासूबाई? लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं एक वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही, त्या पट्टी धरून बसायच्या?" तिला हसू फुटले, आवरेना, ती हसता हसता खाली बसली, आणि बसल्या बसल्या हसू कुठे संपले ते त्याला दिसले. "म्हणजे मागच्या दोन वेळचं..." ती म्हणाली.

एरवी अशा वेळी त्याच्या दातांत पट्टी असे, आणि आत्ता त्याला कळले की पट्टी ही किती सोयीची वस्तू आहे.

"मला माहीत नव्हतं गं."

"तुम्हाला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे." ती उठली, भावाला फोन करायला म्हणून दाराशी गेली, परत आली. "दादा उद्या दुपारशिवाय पोहोचत नाही. आणि फोनवर ऐकलेलं चालत नाही, मागच्याच वर्षी ठरवलंय पंडितांनी. ऐकघर तर बंद झालं. शेजारच्याला बोलवू? त्याला सांगू हे सगळं?" ती खोलीत फेऱ्या मारू लागली. स्वयंपाकघरात पाणी उकळत होते, ते बंद केले, पुन्हा चालू केले. मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमच्या बाबांचं पोहोचायचं का हो?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला लहानपणी एकदा ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरने हात टेकले होते. सासूबाई सांगायच्या." ती त्या सांगण्यातले काहीतरी आठवून बघत होती. "वाचलात ना? तेव्हा त्या घरात कोण बोललं होतं?"

कानकऱ्याला तो ताप आठवत नव्हता.

"मग बोला तुम्ही," बायको म्हणाली. "माझं तुमच्यातून जात नसेल तर तुमचं माझ्यातून जातंय का बघू. जात नसेल तर नसेल. पण हातावर हात ठेवून मी नाही बसणार. बसा."

"अगं, असं कसं? तुला फुंकर नाही, तू पालटी नाहीस, ते तरी कसं चालेल?"

"बसा म्हणते ना!"

तो बसला, तिच्या नेहमीच्या जागी. ती त्याच्या जागी बसली, मान कलती केली, ती उजवीकडे. तिला डावी-उजवी कधीच पटकन कळत नसे. तिने ओठ मिटले. ते मिटलेले ओठ बघणे त्याला विचित्र वाटले. परक्या बाईसमोर बसल्यासारखे. त्याने सुरुवात केली. सुरुवाती त्याला हजारो येत होत्या. "हे कर्त्या, थकल्याभागल्या दारात उभी असलेली मी..."

"उभी असलेली?" बायको म्हणाली.

"असलेला. दारात उभा असलेला मी, पदरी जे घातलंस ते..."

"हे कुणाचं बोलताय? हे त्या तुमच्या चष्मेवाल्या विधवेचं आहे. मागे तुम्हीच मला म्हणून दाखवलं होतं."

"तू मध्ये बोलू नकोस. तू ऐकायचंस."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा ओठ मिटले. फार वेळ टिकतील असे वाटत नव्हते.

त्याने दुसरी सुरुवात शोधली. ती गिरणीवालीची होती. तिसरी दमेकरी दिराच्या वहिनीची. आत हात घालावा तिथे कुणाचे तरी होते, नीट घडी घातलेले, आणि तळापर्यंत गेले तरी स्वतःचे असे काही हाताला लागत नव्हते. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. बायको थांबली होती. तिचा एक गुडघा हलत होता, मुलीचे काही असले की हलायचा तसा. काहीतरी बोलायलाच हवे होते.

"मला मागता येत नाही," तो म्हणाला. "मला कुणी शिकवलं नाही. पोरगी... ती लहान असताना झोपेत बूट काढू द्यायची नाही. मी हळूच नाडी सोडायचो, ती झोपेतच पाय ओढून घ्यायची. मागच्या वेळी इस्पितळात ती तशीच झोपली होती, पाय पोटाशी घेऊन. मी दारातून परत फिरलो. आत गेलो नाही. हिला सांगितलं, डॉक्टरांनी सोडलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. मला भीती वाटली. मला आत्ताही वाटते. इतकी वाटते की..."

तो अडला. समोर बायकोचा गुडघा हलायचा थांबला होता. आता ती बोलेल, उठेल, विचारेल, अशी वाट बघत तो खाली मान घालून बसला.

"हूं," बायको म्हणाली.

कानाने हुंकार भरायचा नसतो. हे तिला सांगावे की पुढे बोलावे, त्याला कळेना. तो पुढे बोलला.